‘होम’ असं कोण शोधतं?

ताडोबाच्या जंगलालगतच्या मोहर्लीतल्या एका होमस्टेच्या वेबसाइटचं टायटल कित्येक महिने ‘होम’ एवढंच होतं. साइट तशी देखणी. उघडली की वाघाचा मोठा फोटो, खाली सारवलेलं अंगण, चुलीवरच्या स्वयंपाकाचे फोटो. मालक माझ्याकडे आला तो वैतागूनच. “ताई, पैसे भरून साइट केली, पण पाहुणे अजून एजंटाकडूनच येऊन राहिले. गूगलवर आपलं नाव टाकलं तं बरोबर दिसते. मंग फोन काहून येत नाही?”

त्याच्या प्रश्नातच उत्तर होतं. घराचं नाव त्याला माहीत आणि आधी राहून गेलेल्यांना माहीत. पुण्याहून पहिल्यांदा ताडोबाला निघालेला माणूस ते नाव कशाला टाइप करेल? तो लिहील ‘मोहर्ली गेटजवळ राहण्याची सोय’, नाहीतर रोमन लिपीत ‘ताडोबा होमस्टे’. आणि इकडे पान स्वतःची ओळख सांगतंय, ‘होम’.

मी मूळची चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलची. चंद्रपुरात एका प्रेसमध्ये डीटीपीला बसून लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं लावत होते. पुढे लोक वेबसाइट मागायला लागले, तशी तेही शिकले. आता माझं निम्मं काम हेच असतं: दुसऱ्या कोणीतरी करून दिलेल्या साइटच्या पोटात शिरायचं आणि दोन ओळी बदलायच्या. गिऱ्हाइकाला ते काम वाटत नाही, कारण पानावर काहीच बदललेलं दिसत नाही. बिल देताना तर मुळीच दिसत नाही.

या दोन ओळी म्हणजे पानाचं टायटल आणि पानाचं वर्णन. वाचणाऱ्याला दिसतो तो पानाचा अंगभाग. त्याच्या वर एक न दिसणारा भाग असतो, त्यात त्या लिहिलेल्या असतात. टायटल तर वेबइतकंच जुनं. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली एचटीएमएलच्या खुणांची पहिली यादी मांडली, तिच्यातही ते होतं. ब्राउझरच्या टॅबवर जे अर्धवट कापलेलं नाव दिसतं ते हेच. गूगलच्या निकालात मोठ्या अक्षरांत जी ओळ येते तीही बहुतेक वेळा हीच, आणि तिच्याखालचा दोन ओळींचा मजकूर पुष्कळदा वर्णनातून घेतलेला असतो.

गूगलचा यांत्रिक वाचक एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पानं वाचतो, त्यांची सूची करून ठेवतो आणि कोणी काही विचारलं की त्या सूचीतून उत्तरं क्रमाने लावतो. फोटोतला वाघ त्याला थोडाफार कळतो, पण भरवसा शब्दांवर. मूलच्या स्टँडवर उभं राहिलं की येणाऱ्या यष्टीची पाटी आपण लांबूनच वाचतो: ‘चंद्रपूर–गडचिरोली’, आणि खाली बारीक अक्षरांत ‘मार्गे मूल, सावली’. टायटल ही वरची पाटी आणि वर्णन म्हणजे ते ‘मार्गे’. पाटीवर नुसतं ‘बस’ लिहिलं तर त्या गाडीत कोण चढेल?

चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या दोन जिल्ह्यांत ही पाटी लिहिणं इतर ठिकाणांपेक्षा जरा अवघड आहे, कारण नावांचा घोळ आमच्याकडे भरपूर. भद्रावती घ्या. आमच्यासाठी भद्रावती म्हणजे भांदक, जैन मंदिर, विजासन लेणी, आयुध निर्माणी. पण कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यात दुसरं भद्रावती आहे, विश्वेश्वरय्यांच्या नावाच्या पोलाद कारखान्याचं, आणि नेटवर त्याचा पसारा मोठा. भद्रावतीतल्या दुकानाने टायटलमध्ये ‘जि. चंद्रपूर’ लिहिलं नाही तर ते कर्नाटकातल्या गर्दीत हरवतं. बल्लारपूरला शहराचं नाव एक आणि रेल्वे स्टेशनचं बल्लारशाह. बाहेरून येणारा माणूस तिकिटावर वाचलेलं नाव टाइप करतो. देसाईगंज आणि वडसा यांचंही तसंच. सरकारी कागदावर देसाईगंज, स्टेशनावर आणि बोलण्यात वडसा. अशा गावांतल्या पानांना मी दोन्ही नावं देते, एक टायटलमध्ये आणि दुसरं वर्णनात. खुद्द चंद्रपूरचं जुनं नाव चांदा, आणि जिल्ह्याच्या सरकारी वेबसाइटचा पत्ता बघितलात तर तिथे अजून ‘चांदा’च आहे.

चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याचा घोळ तर तिपेडी. वैनगंगेच्या काठावरचा हा मंदिरसमूह. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते आणि विदर्भाचं खजुराहो म्हणून लोक त्याचं कौतुक करतात. पण मार्कंडा नावाची नदी हरियाणातही आहे आणि मार्कंड्या नावाचा डोंगरी किल्ला नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगीसमोर. यात्रेसाठी राहण्याची सोय सांगणारं पान कोणी केलं आणि त्याचं टायटल ‘मार्कंडा यात्रा’ ठेवलं, तर गूगलने बिचाऱ्याने काय करायचं? ‘मार्कंडा देवस्थान, चामोर्शी (गडचिरोली): महाशिवरात्र यात्रा, मुक्काम आणि रस्ता’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

याहून गमतीचं उदाहरण तांदळाचं. एचएमटी तांदूळ महाराष्ट्रात घरोघर शिजतो. ते वाण निवडून वाढवणारे दादाजी खोब्रागडे आमच्या नागभीड तालुक्यातले. १९८३ साली शेतातल्या ‘पटेल ३’ धानात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्यांनी त्या राखून ठेवल्या, आणि पुढे त्या धानाला त्या काळी नावाजलेल्या घड्याळाचं नाव मिळालं. ३ जून २०१८ रोजी ते गेले. आता एखाद्या पोराने शाळेच्या प्रकल्पासाठी नुसतं ‘एचएमटी’ शोधलं तर समोर घड्याळं येणार. त्यांच्या गावाचं नाव शोधलं तर? गावाचं नाव नांदेड. त्या नावापुढे मराठवाड्यातलं अख्खं शहर, गुरुद्वारा, विद्यापीठ, सगळं उभं आहे. नागभीड हा एक शब्द सोबत नसेल तर हे गाव सापडणं कठीण. एचएमटीचा अस्सल तांदूळ विकतो म्हणणाऱ्या एका शेतकरी गटाच्या पानावर ‘नागभीड’ शब्द कुठेच नव्हता! आपला तालुका सगळ्यांना माहीत असतो, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

आणि सर्च. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत सुरू केलेली संस्था. नवजात बाळाची घरच्या घरी काळजी कशी घ्यावी यावरचं तिचं काम जगभर अभ्यासलं गेलं. ती उभी राहिली तेव्हा वेबच जन्मायचं होतं, त्यामुळे पुढे हा शब्द शोधयंत्रांच्या कपाळी लिहिला जाईल हे कोणाला ठाऊक? ‘सर्च’ म्हणून सर्च करून पाहा. मग ‘सर्च गडचिरोली’ किंवा संस्थेच्या वसाहतीचं नाव ‘शोधग्राम’ टाका. नावाशेजारी जिल्हा किती काम करतो ते एका मिनिटात कळतं. नवख्याला शिकवताना मी हेच उदाहरण देते, त्याला दुसरं काही समजवावं लागत नाही.

लोक कुठल्या लिपीत शोधतात, हा मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. दोन्ही. मोबाइलवर बोलून शोधणारे वाढलेत, त्यांचं बोलणं मराठीतून असेल तर देवनागरीत उमटतं. नागपूर-पुण्याकडचे रोमनमध्ये टाइप करतात आणि मोहर्लीचं स्पेलिंग ज्याला जसं सुचेल तसं करतात. गूगलला यातली बरीच रूपं एकच आहेत हे कळतं. म्हणून टायटलमध्ये सगळी स्पेलिंगं कोंबण्यात अर्थ नाही. पान मराठी असेल तर टायटल मराठी ठेवावं, इंग्रजी वाचकांसाठी वेगळं पान करून त्याला इंग्रजी टायटल द्यावं. एकाच टायटलमध्ये दोन लिप्यांची खिचडी केली की दोन्हीकडचं निम्मंनिम्मं कापलं जातं.

कापलं जाण्यावरून आठवलं. इंग्रजी शिकवण्यांत सांगतात की टायटल साठ अक्षरांत बसवा. ते मराठीला जसंच्या तसं लावू नका. गूगल टायटलला अक्षरांची मर्यादा घालत नाही. पडद्यावर जेवढी रुंदी मिळेल तेवढं दाखवतो, बाकी कापतो. आणि आपली अक्षरं मोजायला संगणक भलताच हिशोब लावतो. ‘मोहर्ली’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात. संगणक काना-मात्रा, हलन्त सगळं सुटं धरून सात मोजतो. ‘चंद्रपूर’ आपली चार, त्याची आठ. त्यामुळे अक्षरं मोजणारी साधनं मराठी टायटलला उगाच लाल रंग दाखवतात आणि लोक घाबरून गावाचं नाव काढून टाकतात. मी मोबाइलवर स्वतः शोधून बघते, किती दिसतं ते. महत्त्वाचे शब्द आधी आणि धंद्याचं नाव शेवटी, एवढं पाळलं की कापलं तरी पोटावर येत नाही.

मोहर्लीच्या मालकाला मात्र नाव शेवटी हे पटेना. घराला वडिलांचं नाव दिलेलं. “बापाचं नाव मागं कसं टाकू?” मी म्हटलं, फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहा, पानावरही सर्वांत वर लिहा, फक्त या ओळीत मागे घ्या. शेवटी ठरलं ते असं: ‘मोहर्ली गेटजवळ घरगुती होमस्टे, ताडोबा (चंद्रपूर)’, मग एक उभी रेघ आणि वडिलांचं नाव. आतल्या पानांना वेगवेगळी टायटलं दिली: खोल्या आणि दर, जेवण, चंद्रपूरहून मोहर्लीला कसं यायचं. आधी त्या सगळ्या पानांवर एकच टायटल होतं, त्यामुळे गूगलला ती एकाच पानाच्या नकला वाटत असणार.

जुन्या मराठी साइटींमध्ये आणखी एक रोग सापडतो, आणि तो मला प्रेसच्या दिवसांपासून ओळखीचा आहे. युनिकोड रुळण्याआधी आम्ही ज्या फाँटांत टाइप करायचो, त्यात संगणकाच्या पोटात रोमन अक्षरंच साठायची आणि फाँट त्यांना मराठीचा मुखवटा चढवायचा. पत्रिका छापायला ते उत्तम. पण तोच मजकूर वेबवर चिकटवला की शोधयंत्राला मुखवट्यामागची निरर्थक अक्षरं दिसतात. काही संस्थांच्या साइटींवर वर्षानुवर्षांचं काम अशा अक्षरांत पडून आहे. कोणाला सापडत नाही आणि कोणी बदलतही नाही. स्कॅन केलेले कागद त्याहून वाईट. गडचिरोलीतल्या ग्रामसभा आज बांबू, तेंदूपान विकतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला तिथून ही वाट मोठी झाली. लिलावाच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येतात. नेटवर कोणी चढवलीच तर ‘स्कॅन००१’ नावाची फाइल. बाहेरगावचा व्यापारी ‘गडचिरोली ग्रामसभा तेंदूपान लिलाव’ असं शोधतो आणि त्याला सापडतात चकमकीच्या बातम्या. गडचिरोलीची नेटवरची ओळख बाहेरच्यांनी लिहिलेल्या मथळ्यांनी ठरवली, याचा मला राग येतो. त्यातला थोडा राग आपल्या लोकांवरही आहे, कारण कागद आपल्याकडे होता आणि त्याला नाव द्यायचं आपण टाळलं.

आता वर्णन. हे लिहिल्याने क्रमांक वर जात नाही, असं गूगलनेच २००९ मध्ये सांगून टाकलंय. त्याच वेळी हेही सांगितलं की ‘कीवर्ड्स’ नावाची जी तिसरी ओळ लोक भरत बसतात तिच्याकडे क्रमांक लावताना आम्ही बघतच नाही. तरी आजही कोणीतरी माझ्या गिऱ्हाइकांना शंभर कीवर्ड भरून देण्याचे पैसे लावतं. वर्णनाचा उपयोग वाचणाऱ्या माणसासाठी आहे. निकालात पाच नावं एकाखाली एक दिसताना बोट कोणावर ठेवायचं, हे तो त्या दोन ओळींवरून ठरवतो. लांबीबद्दल फार नियम मानू नका. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने ही जागा जवळजवळ दुप्पट केली, लोकांनी धावत पळत वर्णनं लांबवली, आणि मे २०१८ मध्ये जागा परत आखडली. कामाचं आधी लिहा, बस.

मोहर्लीच्या पानाचं जुनं वर्णन होतं: निसर्गाच्या सान्निध्यात अविस्मरणीय अनुभव, उत्कृष्ट सेवा, आमचे ब्रीद. हे वाक्य महाबळेश्वरच्या हॉटेलालाही चालेल आणि नागपूरच्या मंगल कार्यालयालाही. नवं असं केलं: ‘चंद्रपूरहून सुमारे ३० किमी, मोहर्ली गेटपासून चालत जाण्याइतकं जवळ. चुलीवरचं जेवण, कुटुंबासाठी स्वतंत्र खोली. पहाटेच्या सफारीला डबा बांधून मिळतो. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद.’ शेवटचं वाक्य मालकाला नको होतं. बंद कशाला सांगायचं, गिऱ्हाईक पळते. पण मंगळवारची सुट्टी टाकून आलेला माणूस गेटवरून परत येतो आणि राग होमस्टेवर काढतो. शिवाय भामरागड, एटापल्लीकडे, आणि ताडोबाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, कित्येक गावांतही, नेटवर्क असं की निकालाची यादी कशीबशी उघडते आणि पुढचं पान फिरतच राहतं. त्या माणसाने तुमच्याबद्दल वाचलं ते एवढंच, त्या दोन ओळींत होतं तेवढं.

तुम्ही लिहिलेलंच दिसेल याची खात्री मात्र नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने टायटल दाखवायची पद्धत बदलली, त्यावर बरीच ओरड झाली, आणि महिन्याभराने त्यांनी सांगितलं की सुमारे ८७ टक्के वेळा आम्ही पानाचंच टायटल वापरतो. उरलेल्या वेळी ते पानावरचं मोठं शीर्षक वगैरे उचलतात. कधी उचलतात? टायटल रिकामं असेल, सगळ्या पानांना एकच असेल, एकच शब्द चारदा घोळवलेला असेल तेव्हा. वर्णनाचंही तसंच, विचारलेल्या प्रश्नाला पानातला दुसरा तुकडा जास्त जुळला तर ते तो दाखवतात. म्हणजे पानात नसलेलं टायटलमध्ये लिहून फारसं साधत नाही.

यावरून खोटेपणाबद्दल सांगते, कारण ताडोबाच्या बाबतीत हा बाजार जोरात आहे. खासगी दलालाच्या पानाने टायटलमध्ये ‘अधिकृत बुकिंग’ लिहायचं आणि लोकांनी ते वनखात्याचं समजायचं. वाचकांनी टायटलवर जाऊ नये, पत्ता बघावा. सरकारी साइटचा पत्ता सहसा ‘गव्ह डॉट इन’ने संपतो. दुसरा प्रकार ‘व्याघ्रदर्शनाची हमी’. असं लिहून द्या म्हणणारं गिऱ्हाईक मी परत पाठवते. वाघ काय आपल्या घरचा आहे?

झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकवाल्यांना वेबसाइट लागत नाही. भाऊबीजेनंतर वडशात कंपन्यांच्या ऑफिसांत बसून तारखा ठरतात. पण त्यांची नाटकं आता यूट्यूबवर चढतात आणि तिथे टायटलचा नियम तसाच लागू पडतो. ‘सुपरहिट नाटक भाग १’ असली टायटलं पाहिली की जीव जळतो. या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, मुंबईतली पोरं झाडीपट्टीवर प्रबंध लिहू लागली, आणि व्हिडिओच्या नावात ना नाटकाचं नाव, ना कंपनीचं, ना गावाचं, ना ‘झाडीपट्टी’.

एका खोलीच्या धंद्याला मी आधी गूगल मॅपवरची नोंद करायला सांगते. ती फुकट असते आणि लवकर फळते. वेबसाइट त्यानंतर. हल्ली निकालाच्या वर यंत्राने स्वतः लिहिलेलं उत्तर येतं. भारतात ते ऑगस्ट २०२४ पासून सुरू झालं. म्हणून टायटलचं काम संपलं असं काही जण म्हणतात. पण ते यंत्रही कोणाची तरी पानं वाचूनच बोलतं, त्यामुळे मला तरी घाई वाटत नाही.

टायटल बदललं की लगेच फरक दिसत नाही. गूगल पान पुन्हा वाचेपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडे जातात. तोवर सर्च कन्सोल उघडून ठेवायचं. गूगलचं हे साधन फुकट आहे. लोकांनी काय टाइप केलं तेव्हा आपलं पान दिसलं, किती जणांनी बोट ठेवलं, हे त्यात सोळा महिन्यांपर्यंतचं सापडतं. मोहर्लीच्या साइटवर तिथे एक प्रश्न वारंवार दिसायला लागला: जुलैत ताडोबा चालू असतं का? पावसाळ्यात गाभा क्षेत्र १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत बंद असतं, पण बफरमधल्या काही गेटांतून सफारी चालतात. साइटवर याबद्दल एक ओळही नव्हती, म्हणून आता वेगळं पान लिहितो आहोत. मजकूर झाला. टायटलवर गाडी अडली आहे. ‘बफर’ शब्द बाहेरच्याला कळत नाही, त्याने ‘पावसाळ्यात ताडोबा’ एवढंच टाइप केलेलं असतं, तेव्हा तो शब्द वर्णनात ठेवू, असं माझं म्हणणं. मालकाचं म्हणणं वेगळं. “पाहुणा मोहर्लीच्या गेटवर येऊन गाभा बंद पाहीन, मंग तो गूगलले बोलणार हाय का मले?”